सासऱ्यांच्या तळपायाची जखम आणि घरचेच कोष: लावले तर चालतील का?

तुतीचा_मळा

नमस्कार. आम्ही जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात राहतो. दीड एकर तुती आहे, दर बॅचला रेशीम अळ्यांचे दीडशे अंडीपुंज घेतो. यंदा चौथं वर्ष. इथे मी एरवी अळ्यांचा ग्रासरी रोग नि अळ्यांवर पडणारी उझी माशी यांबद्दलच विचारत असते. आजचा प्रश्नही रेशमाचाच आहे, पण घरच्या माणसाचा आहे.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, ६३ वर्षांचे आहेत. १४ वर्षांपासून साखर आहे. उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढी जखम झालीय. दुखत नाही म्हणून त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. चादरीवर डाग दिसला तेव्हा मला कळलं. आता साडेतीन महिने झाले. गावातल्या दवाखान्यात दिवसाआड पट्टी चालू आहे. भरल्यासारखी वाटते नि पुन्हा उघडते.

गेल्या आठवड्यात शहरात दाखवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, रेशमाच्या प्रथिनाची पट्टी मिळते, ती वापरून बघू. मी त्यांना दोनदा विचारलं, रेशमाची म्हणजे आपल्या कोषाची का? ते हो म्हणाले. परत येताना बसमध्ये माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. ज्या अळ्यांना मी रात्री दोनला उठून पाला टाकते, त्यांच्या कोषाची पट्टी मामांच्या पायाला लागणार, आणि ती मला मेडिकलमधून विकत आणावी लागणार.

घरी पोचट आणि डागी कोषांची अख्खी टोपली पडलेली आहे. शेजारच्या आजी म्हणायल्यात, जुन्या काळी जखमेवर रेशीम बांधायचे, कोष कापून आतली गुळगुळीत बाजू लाव. मला धीर होईना. कुणाला खरंच माहिती असेल तर सांगा. कोष तसाच लावता येतो का? उकळून लावला तर? आणि त्या पट्टीने खरंच फरक पडतो का?

कोषातला_धागा

ताई, सगळ्यात आधी हे: कोष कापून लावू नका. उकळूनही नको. तुम्हाला धीर झाला नाही ते फार बरं झालं.

मी सातारा जिल्ह्यातल्या रेशीमवाल्या घरातली. पुढे बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत सहा वर्षं याच प्रथिनावर काम केलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर नुसतं 'नको' म्हणून देणं मला पटत नाही.

कोषात मुख्य दोन प्रथिनं असतात. आतला धागा म्हणजे फायब्रोइन, आणि त्या धाग्यांना एकमेकांशी चिकटवणारा डिंक म्हणजे सेरिसिन. वजनाने साधारण पाऊण भाग धागा, पाव भाग डिंक. रिलिंगला, म्हणजे कोषाचा धागा उलगडायला, कोष गरम पाण्यात टाकले की टोक सुटतं ते हा डिंक मऊ होतो म्हणून. शिवाय कोषावर तुमच्या संगोपनगृहातलं, म्हणजे अळ्या वाढवायच्या खोलीतलं, सगळं असतं: चुना, अळ्यांवर टाकायची जंतुनाशक पावडर, कोष विणण्याआधी अळी शेवटची लघवी करते ती, हवेतली बुरशी. पोचट कोषात तर अळी आतच मेलेली असते. तुम्ही जे डागी म्हणून बाजूला काढता, ते उघड्या जखमेवर ठेवायची सगळ्यात वाईट वस्तू आहे. आणि घरी उकळल्याने कोष स्वच्छ होतो, निर्जंतुक होत नाही.

आजींचं म्हणणं मात्र अगदीच निराधार नाही. सुश्रुतसंहितेत व्रण बांधायच्या वस्तूंची यादी आहे, तिच्यात क्षौम म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड, कापूस, लोकर यांच्याबरोबर कौशेय म्हणजे रेशीमही येतं. पण ते वरून बांधायचं विणलेलं वस्त्र आहे. जखमेत घालायचा कोष नव्हे.

आता पट्टीत काय असतं ते सांगते. पट्टीपट्टीत फरक असतो, मी आमच्याकडचं काम सांगते. आम्ही कोष कापून अळी बाहेर काढायचो, टरफलाचे नखाएवढे तुकडे करायचो. दोन लिटर पाणी उकळून त्यात सव्वाचार ग्रॅम धुण्याचा सोडा, आणि त्यात पाच ग्रॅम तुकडे, बरोबर अर्धा तास. जितका वेळ जास्त, तितकी धाग्याची साखळी अधिक तुटते. सेरिसिन पाण्यात उतरतं, आणि पिंजलेल्या कापसासारखं फायब्रोइन हातात येतं. ते तीनदा धुवायचं, रात्रभर वाळवायचं. मग लिथियम ब्रोमाइडच्या अतिशय दाट द्रावणात ६० अंशांवर चार तास. या द्रावणात रेशीम विरघळतं. धागा नाहीसा होतो नि मधासारखं पिवळसर, घट्ट काहीतरी उरतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वडिलांना फोन करून सांगितलं होतं, की आपल्या कोषाचं पाणी झालं.

त्यातला लिथियम शरीरात जाता कामा नये. म्हणून ते द्रावण बारीक छिद्रांच्या पडद्यात भरून दोन दिवस शुद्ध पाण्यात बुडवून ठेवायचं आणि पाणी पुन्हा पुन्हा बदलायचं. मी रात्री तीनला उठून पाणी बदललेलं आहे. तुम्ही दोनला उठून पाला टाकता ना, तसंच. उरतं ते सात-आठ टक्क्यांचं फायब्रोइनचं स्वच्छ पाणी. ते जोरात हलवलं तरी गोठतं, इतकं नाजूक. ते पसरून वाळवलं की काचेसारखी पारदर्शक फिल्म होते, गोठवून सुकवलं की स्पंज. फिल्म आधी पाण्यात विरघळते. वाफेत किंवा मिथेनॉलमध्ये ठेवली की साखळ्या एकमेकींवर घड्या घालून बसतात आणि मग ती पाण्यात टिकते. त्यानंतर निर्जंतुक करून पाकिटात. म्हणजे पट्टीत कोष नसतोच. कोष पूर्ण मोडून त्यातलं एक प्रथिन पुन्हा घडवलेलं असतं.

याचा जखमेला उपयोग काय? जखम कोरडी ठेवावी असं आपल्याकडे घरोघरी म्हणतात. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवर दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने सरकते. कारण खपली असली की पेशींना तिच्याखालून वाट काढावी लागते. फायब्रोइनची फिल्म ओल धरते, हवा आत-बाहेर जाऊ देते, पारदर्शक असल्याने न उचलता जखम दिसते. पेशींना तिच्यावर पसरता येतं, आणि शरीरातली विकरं (एन्झाइम) तिला हळूहळू अमिनो आम्लांमध्ये मोडतात.

आता फरक किती पडतो ते. चीनमध्ये त्वचारोपणासाठी ज्या जागेवरून कातडी काढतात, त्या जखमांवर ७१ रुग्णांमध्ये तुलना झाली, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. रेशमाच्या फिल्मखाली जखम सरासरी दहा दिवसांच्या आत भरली, दुसऱ्या एका चांगल्या कृत्रिम पट्टीखाली साधारण सव्वाअकरा दिवसांत. थायलंडमध्ये भाजलेल्या जखमांच्या मलमात सेरिसिन मिसळून पाहिलं, २०१३. तिथे २९ दिवसांऐवजी २२ दिवस लागले. होय, तेच सेरिसिन, जो डिंक आपण गटारात सोडतो. हे आकडे माझ्यासाठी आनंदाचे आहेत, मी आयुष्याची सहा वर्षं यात घातलीत. पण नीट बघा, या जखमा मुळात भरणाऱ्याच होत्या. रेशमाने त्यांना लवकर भरायला मदत केली. मामांची जखम साडेतीन महिने का भरत नाही, हा प्रश्न वेगळा आहे, आणि पट्टीच्या आधीचा आहे.

पांढरी_ट्रॉली

वरच्या ताईंनी शेवटी लिहिलंय तिथूनच मी सुरू करते. मी २२ वर्षं ड्रेसिंग केलंय. त्यातली पहिली सात कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात, नंतरची सरकारी दवाखान्यात. आता सोलापुरात घरीच असते.

बाळा, जखम दुखत नाही हे चांगलं लक्षण नाही. पायाच्या नसा बधिर झाल्यात म्हणून दुखत नाही. आपल्याला खडा टोचला की आपण पाय उचलतो. मामा उचलत नाहीत, त्याच जागेवर दिवसभर वजन देतात. पट्टी सोन्याची असली तरी तिच्यावर साठ-सत्तर किलो दाबून चालल्यावर खालची नवी त्वचा चिरडते. 'भरल्यासारखी वाटते नि पुन्हा उघडते' असं तू लिहिलंस ना, ते वाचूनच मला हे दिसलं.

कुष्ठरोग्यांचे सर्जन पॉल ब्रँड वेल्लोरला होते तेव्हा त्यांनी कुष्ठरोग्यांच्या पायांना प्लास्टर घालून अशा जखमा भरून दाखवल्या. औषध तेच, फक्त वजन हटवलं. पुढे तीच पद्धत जगभर मधुमेही पायांसाठी वापरात आली. आमच्याकडे ज्यांना प्लास्टर जमत नसे त्यांना एमसीआर, म्हणजे मऊ रबराची, चप्पल द्यायचो, जखमेच्या जागी तळ कोरून.

डॉक्टरांना हे विचार. पायाचं रक्त नीट चालतंय का, घोट्याजवळचा रक्तदाब मोजला का? जखमेच्या कडेची पांढरी जाड कातडी कापली का? ती दगडासारखी टोचते. हाड लागतंय का बघायला एक्स-रे काढला का? तीन महिन्यांची सरासरी साखर किती? पायावरचं वजन काढायला काय देणार? हे सगळं झाल्यावर पट्टी, मग ती रेशमाची असो की दुसरी. आणि जखमेची लांबी-रुंदी दर आठवड्याला वहीत लिही. हे सगळं करून चार आठवड्यांत जखम निम्मी झाली नाही तर पुन्हा मुळापासून तपासायला सांग. लाली पसरली, घाण वास आला, ताप आला, बोट काळं पडलं, तर त्याच दिवशी दवाखाना. सकाळची वाट बघू नकोस.

एक सांग. मामा दिवसभर नेमके कुठे चालतात? चपला कुठल्या घालतात?

ऐनाचं_रान

मी आरमोरीकडचा, गडचिरोली जिल्हा. आमचा ढिवर समाज पिढ्यान् पिढ्या टसर, म्हणजे रानातलं रेशीम, करतो. ऐन नि अर्जुनाच्या झाडावर अळ्या सोडायच्या, दिवसभर पाखरं हाकलायची. ताई, तुम्ही लिहिलेलं वाचून राहिलो नि एक विचारावंसं वाटलं. आमच्या टसरचं बी असं औषधात काही होते का? मागे एक साहेब कोष घेऊन गेले होते, म्हणाले जखमेसाठी अभ्यास करून राहिलो. पुढे काही कळलं नाही.

कोषातला_धागा

दादा, होते, आणि त्याबाबतीत तुमचं टसर तुतीच्या रेशमाच्या एक पाऊल पुढे आहे. पेशींना धरून बसायला एक खूण लागते, तीन अमिनो आम्लांची: आर्जिनिन, ग्लायसिन, ॲस्पार्टिक आम्ल. आपल्या शरीरातल्या प्रथिनांमध्ये ती असते. तुतीच्या फायब्रोइनमध्ये ती नाही, टसरमध्ये आहे. म्हणून टसरवर पेशी जास्त चांगल्या चिकटतात. खरगपूरच्या आयआयटीत सुभाष कुंडू यांच्या गटाने टसरवर अनेक वर्षं काम केलं.

अडचण अशी की टसरचा कोष लिथियम ब्रोमाइडमध्येही सहजी विरघळत नाही. म्हणून प्रयोगशाळेत पूर्ण वाढलेल्या अळीच्या पोटातली रेशीमग्रंथीच काढून वापरतात. तुम्ही झाडावर जपलेली अळी कोष विणायच्या आधीच द्यावी लागते. साहेब कोष घेऊन गेले असतील तर त्यांनाही तिथेच अडलं असेल असा माझा अंदाज.

आणि तुती ताई, तुमच्या टोपलीबद्दल राहिलं. एका कोषाचं टरफल सुमारे ३५ ते ४० सेंटिग्रॅमचं, डिंक गेल्यावर २५-३०. दहा बाय दहा सेंटिमीटरची पातळ फिल्म करायला माझ्या हिशेबाने दोन-तीन कोष पुरतात. म्हणजे पट्टीच्या किमतीत कोषाचा वाटा अगदी थोडा आहे. पैसे जातात ते शुद्ध पाणी, निर्जंतुकीकरण आणि चाचण्या यांत. तुमचे कोष वापरून कुणी फसवतंय असं मनात आणू नका. पण हेही खरं की या कामाला अखंड धागा लागत नाही. तुकडेच करायचे असल्याने, रिलिंगला न चालणारा पण आतून स्वच्छ असा कोष इथे चालतो. महाराष्ट्रात असा माल मापाने पडतो नि कवडीमोल जातो. त्याचं काही व्हावं असं मला फार वाटतं.

पट्टी घेताना पाकिटावर परवाना क्रमांक, निर्जंतुक असल्याची खूण आणि मुदत बघा. जखमेच्या पट्ट्या आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांच्या २०१७ च्या नियमांखाली येतात. सुट्टी, बिनछापाची घेऊ नका. मामांना रेशमाच्या कपड्याने कधी खाज सुटली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

तुतीचा_मळा

काकू, तुम्ही विचारलंत म्हणून काल दिवसभर मामांच्या मागे मागे बघत होते.

मामा दिवसातून पाच-सहा वेळा संगोपनगृहात जातात. अळीच्या चौथ्या नि पाचव्या अवस्थेत तर तिथेच असतात. चपला बाहेर काढतात. आम्हीच तसं शिकलोय, बाहेरचा रोग आत जाऊ नये म्हणून. दारात ब्लिचिंग नि चुन्याचं पोतं टाकलेलं असतं, त्यावर पाय दाबून आत जायचं. आत सिमेंटची जमीन, तीही चुन्याने धुतलेली. मामा अनवाणी, पट्टी बांधलेल्या पायाने, रोज त्या पोत्यावर पाय दाबतात. अनवाणी चार वर्षं, पट्टीने साडेतीन महिने. संध्याकाळी पट्टी ओली असते ती मला वाटायचं जखमेचं पाणी.

मी हे लिहितानाच हात थरथरायलेत. मीच ते पोतं दर दोन दिवसांनी नवं भिजवते.

पांढरी_ट्रॉली

बाळा, स्वतःला दोष देऊ नकोस. तुला जे शिकवलं ते तू मन लावून केलंस, आणि ते अळीसाठी बरोबरच आहे. माणसाच्या बधिर पायासाठी कुणी वेगळं सांगितलं नाही, इतकंच.

मामांना सध्या आत जाऊच देऊ नकोस. जखम भरल्यावर आत घालायचा वेगळा जोड ठेव, तोच धुवायचा, तोच वापरायचा. अळीलाही धोका नाही, पायालाही नाही. घरातही अनवाणी नको, देवघरातसुद्धा नको. बुटात पाय घालायच्या आधी हात घालून बघायचं, खडा-काटा आहे का. रोज रात्री तू किंवा त्यांनी आरसा धरून तळपाय बघायचा.

कोषातला_धागा

माझं बालपण अशाच दारात गेलं आणि मला हे सुचलं नाही. माझ्या वडिलांनाही नऊ वर्षांपासून साखर आहे. आत्ताच फोन केला. तेही अनवाणीच जातात. उद्या भाऊ त्यांच्यासाठी जोड आणतोय.

तुतीचा_मळा

सहा आठवड्यांनी लिहितेय, वहीतलं बघून.

शहरातल्या डॉक्टरांना काकूंचे सगळे प्रश्न कागदावर लिहून नेले. त्यांनी एकेक करून दाखवलं. रक्त बरं चालतंय. हाडाला लागलेलं नाही. कडेची कातडी कापली, ती बघवत नव्हती पण मामांना कळलंही नाही. तीन महिन्यांची साखर ९.८ निघाली, इन्सुलिन सुरू झालं. पायाला काढता न येणारं प्लास्टर घातलं, दर आठवड्याला बदलतात. पहिले दोन आठवडे साधीच पट्टी होती. तिसऱ्या आठवड्यापासून रेशमाची लावली.

पहिल्या दिवशी २६ बाय २४ मिलिमीटर. दुसऱ्या आठवड्यात २१ बाय १९. चौथ्यात १५ बाय १३. परवा ९ बाय ७. यातलं रेशमाने किती केलं नि प्लास्टरने किती, मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पहिले दोन आठवडे रेशीम नव्हतंच, तरी उतरत होती, त्यावरून तूच समज. पण पट्टी काढताना जखमेला चिकटत नाही, नवी कातडी ओढली जात नाही, हे त्यांनी मला बोट ठेवून दाखवलं. गुलाबी, ओलसर, स्वच्छ.

मामा या बॅचला आत आले नाहीत. दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात, पाय उशीवर, आणि तिथून मला सांगतात कुठल्या रॅकवर पाला कमी पडलाय. ते बरोबर सांगतात. दारातल्या पोत्याच्या आतल्या बाजूला तीन जोड लावून ठेवलेत, माझा, यांचा आणि मामांचा कोरा. चंद्रिका, म्हणजे अळ्यांनी कोष बांधायच्या जाळ्या, परवा टाकल्या. आज सकाळी पहिले कोष बांधायला लागले.